खेळण्याचा हक्क आणि निगेची पाळी

वस्तीजवळचे मैदान, पेठेतील तालीम, गृहसंकुलातील बॅडमिंटन कोर्ट, उद्यानातील ओपन जिम आणि तालुक्याचे क्रीडा संकुल यांची मालकी वेगवेगळ्या हातांत असली, तरी एका बाबतीत ही सर्व ठिकाणे सारखी आहेत : त्यांचा वापर अनेकांचा असतो आणि एकाने केलेल्या वापराचा परिणाम दुसऱ्याला भोगावा लागतो. अशा ठिकाणांना सामायिक क्रीडासुविधा म्हणता येईल. त्या उभारताना निधी मिळतो, उद्घाटनाचा फलक लागतो आणि परिसरात उत्साह असतो. परंतु काही वर्षांनी त्याच ठिकाणी फाटलेली जाळी, उखडलेली फरशी, गंजलेले खांब आणि गवत उडालेले मैदान दिसते. या दुरवस्थेचे खापर बहुधा निधीच्या टंचाईवर फोडले जाते. निधी लागतोच, यात शंका नाही; पण त्याहून मूळचे कारण असे की, खेळणारा आणि निगा राखणारा यांची फारकत झालेली आहे, आणि ती मिटविल्याशिवाय कितीही खर्च केला तरी सुविधा टिकत नाही.

कायदा जमीन राखतो, मैदान राखत नाही

महाराष्ट्रात अशा जागांना कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी भूखंड आरक्षित ठेवले जातात. राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक आकाराहून मोठ्या भूखंडाचा विकास करताना सर्वसाधारणपणे दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडणे बंधनकारक आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे, अशी अपेक्षा नमूद आहे. उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात दिला आणि मोकळ्या जागांच्या रक्षणासाठी झगडणाऱ्या नागरिकांना तो आजही उपयोगी पडतो.

तथापि कायद्याचे काम जमीन राखण्यापुरते असते. तिच्यावर गवत उगवेल की धूळ उडेल, कोर्टावरील रेषा दिसतील की पुसल्या जातील, मुलींना संध्याकाळी तेथे निर्धास्तपणे खेळता येईल की नाही, या गोष्टी रोजच्या वापरावर ठरतात. कोल्हापूरचे खासबाग मैदान, अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ आणि १९२५ मध्ये खुले झालेले दादरचे शिवाजी पार्क ही विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील उभारणी होय. त्यांपैकी काहींना राजाश्रय लाभला, काही नगरनियोजनातून आली, तर काहींमागे व्यायामप्रेमी कार्यकर्त्यांची खटपट होती. परंतु ती शंभर वर्षे नांदती राहिली, याचे श्रेय उभारणाऱ्यांइतकेच पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निगा राखणाऱ्यांना आहे.

पायांखालची माती

मैदान बिघडते ते मातीपासून, म्हणून तिचे वर्तन प्रथम समजून घेतले पाहिजे. चांगल्या मातीत कणांच्या दरम्यान पोकळ्या असतात आणि त्यांतून पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचते. सतत पायदळी तुडविल्याने, आणि विशेषतः ओल्या मैदानावर वाहने उभी केल्याने, या पोकळ्या दबतात. माती अशी घट्ट झाली की पावसाचे पाणी मुरत नाही, गवताची मुळे गुदमरतात, गवत मरते आणि उघडी पडलेली माती पावसाळ्यात चिखल, तर उन्हाळ्यात धूळ होते. शिवाजी पार्कवरील लाल मातीच्या धुळीबद्दल परिसरातील रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. तेथे पाणी मारण्यापासून हिरवळ वाढविण्यापर्यंत निरनिराळे उपाय योजले गेले. त्या प्रश्नाने दाखवून दिले की, मैदान सपाट करण्यासाठी वरून माती टाकणे सोपे असते, पण तिला धरून ठेवणारे गवत नसेल तर तीच माती वाऱ्याबरोबर घराघरांत शिरते.

शेतकरी ज्या हरळीला वैतागून शेतातून उपटून टाकतो, तीच हरळी मैदानाच्या दृष्टीने वरदान आहे. तिची धावती खोडे जमिनीलगत पसरत जातात, पेरापेरांवर मुळे फुटतात आणि त्यामुळे तुडविलेला भाग ती पुन्हा भरून काढते. मात्र त्यासाठी तिला विसावा लागतो. सतत एकाच गोलपोस्टसमोर किंवा एकाच नेटमध्ये सराव झाला तर तेवढा भाग टकला पडतो. गोलपोस्ट व नेटच्या जागा आलटूनपालटून बदलणे, घट्ट झालेली माती लोखंडी काट्यांनी भोसकून तिला हवा देणे आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला उघड्या जागी हरळीचे ठोंब लावून तो भाग काही आठवडे दोरी बांधून बंद ठेवणे, एवढ्या गोष्टी वेळेवर केल्या तर महागडे नूतनीकरण बरेचसे टळते. जो भाग बंद ठेवला आहे तो ओलांडून जवळची वाट काढणारा खेळाडू आपल्याच पुढच्या हंगामाचे नुकसान करीत असतो.

क्रिकेटच्या खेळपट्टीला तर याहून काटेकोर निगा लागते. २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद अशा या पट्ट्यात चिकणमातीचे प्रमाण अधिक ठेवतात. चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तिच्यावर रोलर फिरवण्याची वेळ अचूक साधावी लागते. मुंबईच्या मैदानांवर खेळपट्टी राखणाऱ्या माणसाला माळी म्हणतात. माती बोटांना चिकटत असेल तर रोलरलाही चिकटून तिचे पापुद्रे निघतील आणि ती पार वाळली असेल तर रोलरचा दाब वाया जाईल, हे अनुभवी माळी माती हातात दाबून ओळखतो. अशा ओल्या खेळपट्टीवरून एखादा मुलगा सायकल घेऊन गेला, तर चाकाची खाच वाळून दगडासारखी कडक होते आणि पुढे त्या खाचेवर पडलेला चेंडू अनपेक्षित उसळून फलंदाजाच्या तोंडावर येऊ शकतो. ओल्या खेळपट्टीभोवतीची दोरी फलंदाजाचे दात वाचविते, एवढे मुलांना एकदा नीट समजावून सांगितले तर फलक लावण्याची गरज पुष्कळशी उरत नाही.

मैदान आखण्यासाठीही विचार लागतो. कळीचा चुना पाण्याशी संयोग पावला की तापतो आणि कातडी व डोळे भाजतो. म्हणून रेषा आखण्यासाठी साधी पांढरी फक्की वापरणे सुरक्षित असते. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते आणि पकडीत सापडलेला चढाईपटू मध्यरेषेकडे झेप घेताना पूर्ण अंगाने जमिनीवर आदळतो. अशा ठिकाणी जमिनीत राहिलेला एकच खडा गुडघा फोडायला पुरेसा होतो, म्हणून मातीच्या क्रीडांगणावर सरावापूर्वी खडे वेचणे आणि पाणी मारून जमीन बसविणे हा परिपाठ असतो. खो-खोतील दोन्ही टोकांचे खांब गुळगुळीत असावे लागतात, कारण पळताना खेळाडू खांबाला हात घालून वळतो आणि खांबाची एखादी कुसळ थेट तळहातात घुसते.

तालमीची शिकवण

निगा हे नोकराचे काम नसून खेळाचाच एक भाग आहे, ही जाणीव महाराष्ट्राच्या तालमींनी फार पूर्वीपासून जपली आहे. कुस्तीच्या लाल मातीचा जो खड्डा असतो त्याला हौदा म्हणतात. त्यातील माती रोजच्या कुस्त्यांनी दबते, म्हणून मल्ल ती खणून सैल करतात, खडे काढतात आणि जड फळी ओढून पुन्हा सपाट करतात. तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे पदार्थ मिसळण्याची परंपरा आहे. तेल आणि ताक यांमुळे माती मऊ व किंचित ओलसर राहते, धूळ कमी उडते आणि अंगाला खरचटण्याचे प्रमाण घटते. फावड्याने हौदा खणताना खांदे, कंबर आणि मनगटे कसली जातात, त्यामुळे वस्ताद नव्या मुलाला आधी हौदा खणायला लावतो तेव्हा त्याला शिक्षा होत नसते, तर त्याची तालीमच सुरू झालेली असते. त्यासोबत नखे कापलेली असणे, पाय धुऊन हौद्यात उतरणे आणि चप्पल बाहेर काढणे हे नियम येतात, आणि ते मोडणाऱ्याला हटकण्याचा अधिकार तालमीतल्या प्रत्येकाला असतो.

आता पुष्कळ ठिकाणी कुस्ती गादीवर, म्हणजे मॅटवर, खेळली जाते. मॅटची निगा वेगळी असली तरी तत्त्व तेच राहते. अंगाला अंग घासणाऱ्या खेळात नायट्यासारखे बुरशीजन्य त्वचारोग सहज पसरतात, त्यामुळे मॅट रोज जंतुनाशकाने पुसणे, मॅटचे बूट रस्त्यावर न वापरणे आणि त्वचेवर चट्टा असलेल्या खेळाडूने बरा होईपर्यंत सराव थांबविणे आवश्यक असते. शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी नावारूपास आणलेल्या मल्लखांबाचेही तसेच आहे. खांबाला एरंडेल तेल चोळले जाते ते घर्षण कमी व्हावे आणि कातडी सोलवटू नये म्हणून, आणि तेल लावताना हात खांबावरून फिरतो तेव्हा लाकडातील बारीक चीर आपोआप बोटांना जाणवते. रोजच्या निगेतच तपासणी झालेली असते आणि खेळाडूला आपल्या साधनाची प्रकृती कळत राहते. कंत्राटदाराच्या वर्षातून एकदाच्या फेरीतून हा लाभ मिळत नाही.

कोर्ट, दिवे आणि लोखंड

गृहसंकुलांतील व क्रीडा संकुलांतील बंदिस्त कोर्टांना मातीचे प्रश्न नसतात, पण त्यांचे शत्रू वेगळे असतात. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० मीटर लांब आणि दुहेरीसाठी ६.१० मीटर रुंद असते व त्याचा पृष्ठभाग बहुधा लाकडी किंवा सिंथेटिक असतो. रस्त्यावरच्या बुटांच्या तळव्यात अडकलेली वाळू लाकडावरील लेप घासून काढते आणि कोर्ट निसरडे होते. ज्या बुटांच्या तळव्याचे डाग पडत नाहीत असे नॉन-मार्किंग बूट कोर्टावर येऊनच घालावेत, असा नियम असतो तो यासाठी. लाकडी तक्तपोशी पाणी ओतून धुतली तर फळ्या फुगून उचलल्या जातात, म्हणून ती कोरड्या किंवा घट्ट पिळलेल्या पोछ्याने पुसावी लागते. उघड्यावरच्या कोर्टाला सुमारे एक टक्का उतार ठेवतात, जेणेकरून पाणी साचणार नाही. हा उतार जेथे संपतो तेथील नाली पालापाचोळ्याने तुंबली तर उताराचा उपयोग राहत नाही. कृत्रिम गवताच्या टर्फवर तंतू उभे राहावेत म्हणून वाळू किंवा रबराचे कण पसरलेले असतात, ते ठरावीक काळाने ब्रशने सारखे करावे लागतात, आणि उन्हाळ्याच्या दुपारी असे टर्फ नैसर्गिक गवतापेक्षा खूपच अधिक तापत असल्याने लहान मुलांसाठी त्या वेळा टाळणे इष्ट ठरते.

काही दोष मात्र गैरसोयीवर थांबत नाहीत, जिवावर बेततात. जमिनीला न जखडलेला फुटबॉलचा गोलपोस्ट मुले लोंबकळल्याने उलटतो आणि अशा अपघातांत मुले दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. बास्केटबॉलची रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते. तिला झोंबणाऱ्याच्या वजनाने फळीचे बोल्ट हळूहळू सैल होतात. दिव्याच्या खांबाचे अर्थिंग तुटलेले असेल तर पावसाळ्यात त्याला नुसता हात लागणेही घातक ठरू शकते. ओपन जिममधील यंत्रांचे बेअरिंग वंगणाअभावी झिजतात आणि फिरत्या दांड्यांच्या सांध्यात लहान मुलांची बोटे सापडतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी वर्षातून किमान दोनदा जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी, तिची नोंद वहीत ठेवावी आणि दोष आढळल्यास दुरुस्तीची वाट न पाहता ते साधन त्याच दिवशी बंद करावे.

वेळेची वाटणी

सामायिक सुविधेवरचे बहुतेक तंटे वेळेवरून होतात. क्रिकेटवाले मैदान अडवून बसतात, फुटबॉलवाल्यांना जागा उरत नाही, प्रशिक्षण वर्ग चालविणारे सकाळचे सर्व तास घेतात, आणि मुली, लहान मुले व चालायला येणारे ज्येष्ठ यांच्या वाट्याला कडा येतात. येथे जो बलवान तोच आधी असा व्यवहार रूढ झाला की बाकीच्यांचे मन त्या जागेवरून उडते आणि त्यांनी निगेत हात लावण्याचे कारणच संपते. वाटणीतील अन्याय पुढे दुरवस्थेत उतरतो तो या मार्गाने.

सामायिक साधनांचा नाश अटळ असतो, असे मत अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. प्रत्येक जण स्वतःच्या लाभासाठी थोडा अधिक वापर करतो आणि तोटा सर्वांवर विभागला जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरातील कुरणे, मासेमारी क्षेत्रे आणि पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखविले की, लोक परस्परांत नियम ठरवून अशी साधने शतकानुशतके टिकवू शकतात. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यशस्वी व्यवस्थांमध्ये त्यांना काही समान लक्षणे आढळली : वापरणारे कोण हे स्पष्ट असते, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असतात आणि ते करण्यात वापरणाऱ्यांचा हात असतो, देखरेख करणारा त्यांनाच उत्तरदायी असतो, नियमभंगाची शिक्षा सौम्यापासून सुरू होऊन वाढत जाते आणि तंटा सोडविण्याची सोय हाताशी असते.

महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवरील बंधाऱ्यांखाली फड पद्धती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तीत लाभक्षेत्राचे फड पाडलेले असत, पाटकरी ठरलेल्या पाळीने पाणी सोडी, जागल्या राखण करी, आणि पाटांची साफसफाई व दुरुस्ती लाभधारकांनाच करावी लागे. पाण्याची पाळी आणि पाटाच्या सफाईची पाळी या दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येत असल्याने हक्क आणि जबाबदारी कधी सुटी पडली नाहीत.

हेच सूत्र मैदानाला लागू करता येते. मैदानाचे आठवड्याचे वेळापत्रक सर्व गटांच्या सभेत ठरवून फाटकाजवळ लावावे. मुलींच्या संघासाठी संध्याकाळची उजेडाची वेळ राखून ठेवावी, लहान मुलांना शाळा सुटल्यानंतरचा तास द्यावा आणि कोणत्याही खाजगी वर्गाला मैदानाचा एक ठरावीक भागच वापरता यावा. ज्या गटाची खेळण्याची पाळी, त्याच गटाकडे त्या दिवशीची साफसफाई, नेट सोडवून ठेवणे आणि नोंदवही भरणे ही कामे असावीत. नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा समज, मग एका आठवड्याची पाळी रद्द आणि त्यानंतर दंड, अशा चढत्या क्रमाने वागविले तर कटुता वाढत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी आवाजाची मर्यादा घालून दिलेली आहे. म्हणून दिवे लावून खेळले जाणारे सामनेही दहापूर्वी आटोपणे हे खेळाडूंचे शेजाऱ्यांप्रती कर्तव्य ठरते.

मैदानावर लग्न, सभा किंवा उत्सवाचा मांडव पडतो तेव्हा हानी अधिक होते, कारण वासे रोवण्यासाठी खणलेले खड्डे, चुकार खिळे आणि उष्टी भांडी मागे राहतात. आयोजकाकडून अनामत रक्कम घ्यावी, मांडवापूर्वी व नंतर मैदानाची छायाचित्रे काढावीत, खड्डे माती भरून ठोकून घ्यावेत आणि खिळे वेचण्यासाठी जमिनीवरून मोठे लोहचुंबक फिरवावे. मैदान पूर्ववत झाल्याची खात्री खेळाडूंच्या प्रतिनिधीने दिल्यावरच अनामत परत करावी.

निधी आणि उत्तरदायित्व

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या भावी मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी, किमान ०.२५ टक्के वर्गणीची तरतूद आहे. व्यवहारात लिफ्ट, पंप आणि रंगकाम यांना अग्रक्रम मिळतो आणि क्रीडासुविधा मागे पडते. म्हणून वार्षिक अंदाजपत्रकात तिचे वेगळे शीर्ष असावे व कोर्टाचे आरक्षण शुल्क त्याच शीर्षात जमा व्हावे. शुल्क मात्र असे असावे की परवडत नाही म्हणून कोणी खेळ सोडू नये; सुरक्षारक्षक, घरकामगार यांची मुलेही त्याच आवारात वाढत असतात.

सार्वजनिक मैदानांसाठी लोकसहभाग कसा असावा, याबाबत मुंबईचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोधप्रद आहे. दुरवस्थेत गेलेल्या ओव्हल मैदानासाठी परिसरातील रहिवाशांच्या संघटनेने १९९० च्या दशकात उच्च न्यायालयात दाद मागितली आणि पुढे ते मैदान पुन्हा खेळते झाले. आज ते २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग आहे. याउलट, महापालिकेचे काही भूखंड देखभालीसाठी संस्थांकडे सोपविल्यावर त्यांतील काहींवर क्लब उभे राहिले आणि सामान्यांना त्यांची दारे बंद झाली. त्यावरून उठलेल्या वादानंतर २०१६ मध्ये राज्य सरकारने असे भूखंड सोपविण्याच्या महापालिकेच्या नव्या धोरणाला स्थगिती दिली. यावरून दिसते की, निगा राखण्याचे काम सोपविणे म्हणजे मालकी सोपविणे नव्हे. करारात सर्वांना मोफत प्रवेशाचे तास, बांधकामाला मनाई, हिशेबांची जाहीर मांडणी आणि मुदत या चार गोष्टी स्पष्ट नसतील तर निगेच्या नावाखाली मैदान हातचे जाते.

या साऱ्याची सुरुवात कोणत्याही वस्तीला मोठ्या खर्चाविना करता येते. खेळणाऱ्या सर्व गटांची एक समिती नेमावी आणि तिच्यात किमान निम्म्या मुली व स्त्रिया असाव्यात. वेळापत्रक, नोंदवही आणि तपासणीची यादी या तीन गोष्टी पहिल्या महिन्यात सुरू कराव्यात. जवळच्या शाळेशी बोलून तिचे क्रीडांगण सुटीच्या दिवशी खुले होते का ते पाहावे, म्हणजे एकाच मैदानावरचा ताण हलका होईल. महापालिका वा ग्रामपंचायत यांच्याकडे मागणी नेताना ही नोंदवही सोबत असली तर मागणीला वजन येते, कारण तिच्यातून नेमके काय मोडले, कधी मोडले आणि वापरणाऱ्यांनी स्वतः किती केले, हे दिसते. मुलांना चेंडू आणि बॅट देताना फक्कीचे डबडे, झाडू आणि माळ्याच्या हाताखालचे एखादे कामही द्यावे. ज्या पिढीने आपल्या हाताने मैदान आखले व सारखे केले, ती पिढी त्यावर वाहने उभी करू देणार नाही, त्यावरचे अतिक्रमण निमूटपणे पाहणार नाही आणि पुढच्या मुलांसाठी ते मोकळे राहावे म्हणून भांडायलाही तयार असेल.